दादाचा हाशिया

दादाकडून माझं एक उत्तर येणं बाकी आहे. तो गेला त्याच्या चार दिवस आधी, दुपारच्या चहाला, मी त्याला विचारलं होतं, "दादा, अजून राग आहे का रे माझ्यावर?" मुद्दाम हसत हसत विचारलं, चहात बिस्कीट बुडवताना, म्हणजे त्यालाही हसण्यावारी नेता यावं. विजय नगरमधल्या लेकीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत तो बसला होता आणि खाली गाड्यांचे हॉर्न चालू होते. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला आणि म्हणाला, "पाहून सांगतो." गेली पंचवीसेक वर्षं दादा कुठल्याही प्रश्नाला हेच म्हणायचा, आणि गंमत म्हणजे तो खरंच पाहायचा आणि खरंच सांगायचा. चार-पाच दिवसांनी फोन यायचा, "बेबी, तू विचारलं होतंस ना, ती औषधाची गोळी जेवणाआधी की नंतर? नंतर. दोन ठिकाणी विचारून पाहिलं." म्हणून त्या सकाळी फोनवर त्याचं नाव दिसलं तेव्हा मी कुकरखालचा गॅस बारीक केला, ओले हात पदराला पुसले आणि निवांतपणे फोन घेतला. मनात म्हटलं, चला, आलं उत्तर. फोनवर त्याची मुलगी केतकी होती. "आत्या, बाबा उठत नाहीयेत..." एवढंच ती बोलली.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. भेटायला आलेले सगळे म्हणाले, किती साधा माणूस, कधी आवाज चढला नाही, कधी कुणाला दुखावलं नाही. खरंच आहे ते. पण दादाला दुखावणारी माणसं होती, आणि त्यांच्यात पहिला नंबर माझा लागतो. ते सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

आमचे बाबा कपड्याच्या गिरणीत कारकून होते. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घालणं आणि हाशिये आखणं हे त्याच्याकडे होतं. पुण्या-मुंबईकडे समास म्हणतात, आम्ही इंदूरचे लोक हाशियाच म्हणत आलो. बाकीच्या मुलींच्या वहीत दोन बोटांचा हाशिया असायचा आणि माझ्या वहीत जवळजवळ अर्धं पान. बाई वर्गासमोर वही उंच धरून विचारायच्या, "हे काय, अर्धी वही कुणासाठी राखून ठेवली आहे?" सगळा वर्ग हसायचा. एकदा मी रडत घरी आले आणि लाकडी पट्टी त्याच्यावर फेकून मारली. त्याने पट्टी उचलली, मला समोर बसवलं आणि एका फ्रेंच न्यायाधीशाची गोष्ट सांगितली. "तीनाचा वर्ग किती?" नऊ. "चाराचा?" सोळा. "दोन्ही मिळून?" पंचवीस. "म्हणजे पाचाचा वर्ग. जमलं की नाही? आता वर्गाच्या जागी घन घे. दोन घनांची बेरीज करून तिसरा घन येतो का पाहा." मी पाहिलं, येईना. "येणारच नाही," दादा म्हणाला, "कुठलेही आकडे घे, कुठलाही वरचा घात घे, येणार नाही. सव्वातीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका न्यायाधीशाने हे ओळखलं आणि पुस्तकाच्या हाशियात लिहून ठेवलं की मला याचा फार सुंदर पुरावा सापडलाय, पण हा हाशिया त्याला पुरत नाही. आणि मग तो मरून गेला. तेव्हापासून अख्खी दुनिया तो पुरावा शोधतेय. इतका हुशार माणूस, बेबी, आणि जागा कमी पडली. आपलं असं नाही होऊ द्यायचं." मी नऊ वर्षांची होते. मला त्या न्यायाधीशाचा इतका राग आला की मी रडायचं विसरून गेले.

दादाने स्वतः आयुष्यभर रुंद हाशिया सोडला. त्याच्याकडे लांबट रजिस्टरं असायची, हिशेबनिसांकडे असतात तसली. उजवीकडे रोजचं सगळं, कुणाला पत्र टाकायचं, कुणाच्या मुंजीला जायचं, भाजीत काय आणायचं. डावीकडच्या रुंद पट्टीत गणित. त्याला पीएच.डी. करायची होती, नाव नोंदवूनही झालं होतं. मग बाबांना अर्धांगवायू झाला, माझं लग्न व्हायचं होतं, आणि त्याने सरकारी कॉलेजातली नोकरी धरली आणि प्रबंध बासनात बांधला. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. ते प्रमेय आपण सोडवू असला भ्रमही त्याला कधी झाला नाही, आपली उंची त्याला ठाऊक होती. लोक क्रिकेट पाहतात तसं तो त्या प्रमेयाकडे पाहायचा, जगात कुठे कोण किती पुढे गेलं ते. आणि तेव्हाचा दादा "पाहून सांगतो" म्हणणारा नव्हता बरं का. प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायचा आणि वर म्हणायचा, "पक्कं!" मंदावहिनी लग्न होऊन आली तेव्हा महिनाभरात तिने घराचं वर्णन करून टाकलं, "आमच्याकडे उजवीकडे संसार आणि डावीकडे न्यायाधीशसाहेब." ती हसली की दादा रजिस्टर मिटायचा. दुसऱ्या कशानेही तो ते मिटत नसे.

वहिनी फार लवकर गेली. नऊ महिने आजारी होती, त्यातले चार हॉस्पिटलात. केतकी तेव्हा सात वर्षांची. मी रोज डबा घेऊन जायचे. दादा वॉर्डाबाहेरच्या बाकावर मांडीवर रजिस्टर घेऊन बसलेला असायचा. मला वाटायचं, इथेही ह्याचं गणित चालूच आहे. मनातल्या मनात मी चिडायचे देखील.

वहिनी जाऊन तीन-एक वर्षं झाली असतील, तेव्हा मला ते काम मिळालं. माझं एम.ए. हिंदीचं, लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवलेलं, पुढे घर आणि मुलं. कॉलेजातली एक मैत्रीण मुंबईत डबिंगच्या धंद्यात होती. घरोघरी केबल आली होती आणि इंग्रजी मालिका हिंदीत आणायची घाई सुरू होती. तिने मला एक मालिका मिळवून दिली. तीन-चारशे वर्षांनंतरचा काळ, आकाशात फिरणारं एक भलंमोठं यान, त्याचा गंभीर कॅप्टन आणि त्याची माणसं. कुरिअरने कॅसेट यायची, सोबत इंग्रजी संवादांचे कागद. मी व्हीसीआर लावून एकेक वाक्य पन्नास वेळा मागेपुढे करायचे. अर्थ बरोबर आणून भागत नाही या कामात, वाक्य तोंडावर बसावं लागतं. कॅप्टनचे ओठ मिटले की तिथे प, ब, म यांतलं काहीतरी आलं पाहिजे. जबडा उघडला की तिथे लांब 'आ' हवा. मी पेन्सिलीने टेबलावर ठोके देत अक्षरं मोजायचे. बसलं की कानाला आपोआप कळायचं. मुंबईहून फोन यायचा तेव्हा पलीकडचा माणूस मला "मॅडम" म्हणायचा. आमच्या घरात तोपर्यंत मला कुणी कशासाठी फोन केला नव्हता, फोन यायचे ते ह्यांना. मी त्या कामावर जीव टाकला होता हे साध्या शब्दांत सांगितलेलं बरं.

आणि एका भागात काय निघावं? कॅप्टन फावल्या वेळात आपल्या खोलीत बसून डोकं खाजवतोय, हाताखालचा अधिकारी येतो, आणि कॅप्टन त्याला सांगतो की हे एका जुन्या फ्रेंच माणसाचं प्रमेय आहे, आठशे वर्षं झाली, कुणालाच सुटलेलं नाही! मी कॅसेट तिथेच थांबवली आणि दादाला फोन केला. केतकीला स्कूटरवर मागे बसवून तो अर्ध्या तासात हजर. आम्ही तो प्रसंग सहा-सात वेळा पाहिला. वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदा मी दादाला मोठ्याने हसताना ऐकलं. "पाहा बेबी, एवढ्या मोठ्या जहाजाचा मालक, दुनियाभरची मशिनं हाताशी, आणि फुरसत मिळाली की हा काय घेऊन बसतो? आपला हाशिया!" मग पडद्याकडे पाहतच, "आठशे वर्षं... तरी कुणीतरी बसलेलंच आहे," असं काहीतरी पुटपुटला. केतकीने विचारलं, "बाबा, तुम्ही कॅप्टन होणार?" तर म्हणाला, "मी आत्ताच आहे की."

त्या भागाच्या कागदांवर मुंबईच्या ऑफिसने पेन्सिलीने एक टीप लिहिली होती. हे प्रमेय सुटलं आहे असं ऐकतो, कुणा जाणकाराकडून खात्री करून घ्या, सुटलं असेल तर ओळ बदला. मी दादाला ती टीप दाखवली. तो म्हणाला, "नाही सुटलं. मध्ये एका प्रोफेसरने सोडवलं म्हणून खूप गाजावाजा झाला होता. मी कॉलेजात मिठाईसुद्धा वाटली. पण मग त्यात भोक सापडलं. पुराव्याची एक पायरीच खोटी निघाली." मी म्हटलं, "बघ हं दादा, माझ्या कामाचा सवाल आहे. एकदा चेक करून घे ना कुठे." त्याने हात उडवला. "त्यात काय चेक करायचं? पक्कं सांगतोय, तू बिनधास्त लिही." मी बिनधास्त लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, हौसेने एक शेपूट जोडलं. कॅप्टनचं तोंड आणखी दोन सेकंद हलत होतं म्हणून मी पुढे टाकलं, "और शायद कभी कोई कर भी न पाए." कोपऱ्यावरच्या एसटीडीच्या दुकानातून मुंबईला फॅक्स पाठवला की माझे बंधू गणिताचे प्रोफेसर आहेत आणि त्यांनी खात्री दिली आहे. 'प्रोफेसर' या शब्दाखाली मी रेघ मारली होती.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते आठवायला मला अजून आवडत नाही. आवाज भरून झाले, भाग चॅनेलकडे गेला आणि तिथून परत आला. तिथल्या कुणीतरी सोबत पेपरातलं कात्रण जोडलं होतं. ते भोक वर्षभरात बुजवलं गेलं होतं, ज्या माणसाचा पुरावा होता त्यानेच बुजवलं होतं, आणि प्रमेय सुटून आता तीन वर्षं होत आली होती. आवाज देणाऱ्या नटाला पुन्हा बोलावावं लागलं. मुंबईहून फोन आला, या वेळी 'मॅडम'ला धार होती. "मॅडम, आपके प्रोफेसर साहब कौन-सी सदी में रहते हैं?" पलीकडे मागे दोघं-तिघं हसत होते. हातात होते तेवढे भाग मी पूर्ण केले. त्यानंतर माझ्याकडे कॅसेट आली नाही. मैत्रिणीने दोनदा फोन उचलला आणि मग उचलणंही थांबवलं.

ज्या दिवशी तो फोन आला त्याच दिवशी दुपारी मी दादाच्या घरी गेले. रिक्षात बसल्यापासून मी वाक्यं जुळवत होते, तो तर माझा धंदाच होता. बाहेरच्या खोलीत त्याचे दोन विद्यार्थी बसले होते, आणि खाली चटईवर केतकी पाढे लिहीत होती. मी चपलाही काढल्या नाहीत. "दादा, सगळ्या दुनियेला मालूम आहे! टीव्हीवाल्यांना मालूम आहे! आणि तुला नाही मालूम? तीन वर्षं झाली त्याला. कसला प्रोफेसर रे तू? नुसते हाशिये आखत बसतोस जिंदगीभर. मालूम नव्हतं तर सरळ नाही म्हणायचं होतं, माझ्या कामाची वाट का लावलीस?" विद्यार्थी खाली पाहायला लागले. दादा उभा राहिला. त्याचे ओठ एकदा घट्ट मिटले, मग उघडले, तोंड हललं, पण आवाज आला नाही. त्याने चटईकडे पाहिलं. केतकी पेन्सिल तोंडात धरून आमच्याकडे बघत होती. दादाने तोंड मिटलं. मग म्हणाला, "चूक झाली, बेबी." मी तशीच उलट्या पावली निघाले. 

आमचं काही तुटलं नाही. तुटलं असतं तर कदाचित कधीतरी जोडलं तरी असतं. दिवाळी, भाऊबीज, राखी सगळं झालं. तो ओवाळून घ्यायचा, मी साडीचं कौतुक करायचे. पण त्या दुपारनंतर दादाच्या तोंडून 'पक्कं' गेलं ते गेलंच. मी काहीही विचारलं की "पाहून सांगतो." आधी मला वाटायचं टोमणा मारतोय, आणि मी आणखी फुगायचे. मग ती त्याची सवयच झाली, सगळ्यांशीच. रिटायर झाल्यावर भंवरकुआंच्या एका कोचिंग क्लासने त्याला शिकवायला बोलावलं होतं. तिथे मुलांना उत्तर एका सेकंदात हवं असतं, आणि हा फळ्यापाशी उभा राहून म्हणायचा, "देखकर बताता हूँ, बेटा, कल." महिन्याभरात एका मुलाने भर वर्गात विचारलं, "सर, आप तो प्रोफेसर थे न?" दादाने खडू ठेवला, हात झटकले आणि दुसऱ्या दिवसापासून गेला नाही. हे मला त्याने सांगितलं नाही, केतकीने सांगितलं, फार नंतर. त्या दुपारी ती चटईवरच होती, पण सांगताना तिला आठवत नव्हतं की तो प्रश्न मुळात कुणाचा होता.

केतकी इंजिनियर झाली, विजय नगरमध्ये तिने फ्लॅट घेतला आणि वडिलांना घेऊन गेली. तिथे एकदा मी पाहिलं, त्याच्या मांडीवर स्टेपल केलेला एक गठ्ठा होता, शंभरावर पानं, सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. केतकीने ऑफिसात छापून आणलेला त्या प्रमेयाचा पुरावा. तो पेन्सिल घेऊन वाचायचा, महिन्याला एखादं पान. मी चिडवलं, "अजून तिथेच आहेस?" म्हणाला, "हो." "कळतं का काही?" "नाही गं, आपल्या आवाक्याचं नाही ते. पण भोक कुठे होतं तेवढं कळलंय, बहुतेक." आणि लगेच सावध होऊन म्हणाला, "पाहून सांगतो." मी हसले. त्याने मग गठ्ठा उलटा करून ठेवला आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मला तेव्हा माफी मागता आली असती. त्याऐवजी मी केतकीला चहात आलं घाल म्हणून ओरडले.

तेराव्यानंतर केतकी म्हणाली, "आत्या, बाबांची रजिस्टरं तुम्ही घेऊन जा. मला त्यातलं काही समजत नाही, और रद्दीत द्यायची हिम्मत नाही होत." दोन खोकी भरून रजिस्टरं मी रिक्षातून घरी आणली. सगळ्यात वरचं होतं शेवटचं. उघडलं. मी चहाला गेले होते त्या दिवसाच्या पानावर, उजवीकडे, त्याच्या बारीक सरळ अक्षरात: 'बेबी आली होती. गुडघा जरा बरा. विचारलं, राग आहे का. पाहून सांगणे.' त्याच्या खाली दुसऱ्या दिवशीच्या भाजीची यादी. त्याने माझा प्रश्नही कामात धरला होता. पुढची पानं मी चार-चारदा उलटली. उत्तर नव्हतं.

म्हणून मी मागे मागे जात राहिले. आधी मी त्याच्यावर ओरडले होते त्या दुपारचं पान शोधलं, म्हटलं शिव्या तरी दिल्या असतील. उजवीकडे फक्त एवढंच होतं: 'बेबीचं काम गेलं. माझ्यामुळे.' मग आणखी मागचं रजिस्टर काढलं, आणि त्यात ती नोंद सापडली, डावीकडे, हाशियात: 'पुराव्यात भोक निघालं. बुजायला वर्ष तरी लागेल. लक्ष ठेवणे.' त्याच्याखाली दोन ओळी गणित. मी पान उलटलं. उजवीकडे लिहिलं होतं, 'मंदा. ताप १०१. सकाळी सहा.' पुढच्या पानावर ताप, सलाईन किती वाजता लावलं, कुठलं इंजेक्शन, डॉक्टर काय म्हणाले. पुढच्या पानावरही तेच. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मांडीवर रजिस्टर घेऊन तो हे लिहीत होता. आणि मी डबा खाली ठेवताना त्याच्यावर मनातून चिडत होते. डावीकडचा हाशिया सबंध कोरा. नऊ महिने कोरा. दादाच्या पन्नास वर्षांच्या रजिस्टरांत एवढी कोरी जागा दुसरीकडे कुठेच नाही. वहिनी गेल्यानंतर हाशियात पहिल्यांदा काहीतरी आलं, तेही गणित नव्हतं. तीन रेघा एकमेकींत गुंतवून काढलेलं चित्र होतं, बाणांनी दाखवलेलं, कुठला पेड कशाखालून जातो ते. तो केतकीची वेणी घालायला शिकत होता.

मी त्या दिवशी जेवले नाही. तीन वर्षांपूर्वी सुटलं म्हणून मी त्याच्या घरात उभी राहून ओरडले होते. तीन वर्षांपूर्वी म्हणजे कधी, हे मोजायला मला गणिताचा प्रोफेसर लागत नव्हता. मी रोज डबा घेऊन त्याच दवाखान्यात जात होते. लक्ष ठेवायचं म्हणून त्याने लिहून ठेवलं होतं, आणि त्याचं सगळं लक्ष त्या वर्षी दुसरीकडे लागलं. भोक बुजल्याची बातमी आली असेल कुठेतरी आतल्या पानावर, चार ओळींची. कुणी सांगावं, ज्या पेपरात मी त्याच्या पोळ्या गुंडाळून नेत होते त्यातच असेल. नंतर त्याने ती शोधली का नाही, एवढा प्रिय विषय, ते मला कळत नाही. केतकीला विचारलं तर ती म्हणाली, "आई गेल्यावर बाबा एक-दोन साल पेपरच नव्हते वाचत, आत्या. बंद करून टाकला होता." मी इतक्या जवळ राहत होते आणि हे मला माहीत नव्हतं. तो मात्र दुनियेला काय माहीत आहे ते माहीत नाही म्हणून माझ्या शिव्या खाऊन गप्प राहिला.

परवा मी केतकीला हे सगळं सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "आत्या, बाबांनी कधी एक्सप्लेन का नाही केलं तुम्हाला? एक वाक्य बोलायचं होतं फक्त." मी तिला म्हटलं, पाहून सांगते. आणि खरंच पाहायला बसले. दादाचं ते रजिस्टर टेबलावर उघडं आहे, ताप १०१ च्या पानावर. कोऱ्या हाशियात मी काही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. फक्त पेन्सिल हातात घेतली आणि कॅसेट मागे नेतात तशी ती दुपार मागे नेली, एकदा, दहादा, पन्नासदा. दादा उभा राहतो. ओठ घट्ट मिटतात, म्हणजे तिथे 'म' आहे. मग जबडा उघडतो, लांब आ. मग पुन्हा आ, आणि पुन्हा. मी टेबलावर ठोके देत अक्षरं मोजली. मंदा आजारी होती. 'मंदा आजा...' इथपर्यंत ते वाक्य त्याच्या तोंडावर तंतोतंत बसतं. तिथे दादाने चटईवर बसलेल्या केतकीकडे पाहिलं होतं, आणि तोंड मिटलं होतं.